‘सध्या काय वाचता?’ : मताला भिणाऱ्या समीक्षेविषयी

१

मराठी समीक्षेच्या अवस्थेविषयी बोलताना सिद्धान्तनाचा अभाव, परभृतता, परिभाषेचा गोंधळ अशी काही कारणे आपण नेहमी पुढे करतो. ती खोटी आहेत असे नाही. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या आणि वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाकडे लक्ष वेधायचे आहे. आपण, म्हणजे विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून साहित्य शिकवणारी माणसे, सध्या काय वाचतो आहोत आणि ते आपल्याला कसे वाटते आहे, हे एकमेकांना जाहीरपणे सांगेनासे झालो आहोत. खासगीत सांगतो, आणि तेथे मोकळेपणाने सांगतो. लिहायला बसलो की मात्र तेच मत कोठेतरी गळून पडते आणि त्याच्या जागी ‘विशेष’, ‘आशयसूत्रे’ आणि ‘निवेदनतंत्र’ येतात.

काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्याला मी विचारले, “अभ्यासक्रमाबाहेरचे सध्या काय वाचता?” त्याने नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचे नाव घेतले. कशी वाटली, असे विचारताच उत्तर आले : ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण, बोलीचा समर्थ वापर, निवेदनाची प्रयोगशीलता. “ते ठीक. पण तुम्हांला कशी वाटली?” विद्यार्थी गप्प झाला आणि त्याने बहिःस्थ परीक्षकांकडे पाहिले. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, अशी तक्रारच जणू त्या नजरेत होती. परीक्षा संपल्यावर व्हरांड्यात भेटला तेव्हा तो म्हणाला, “खरं सांगू का मॅडम, शेवटची पन्नास पानं राहिलीत. पुढं पुढं लेखक आपल्याला शिकवायला लागतो.”

त्या दिवशी ऐकलेल्या उत्तरांत समीक्षेच्या नावाला शोभेल असे हे एकच विधान होते. त्यात वाचनाचा अनुभव होता, त्या अनुभवाचे कारण होते, आणि कादंबरीतील निवेदक व लेखक यांच्यातील अंतर कोठे मिटते याची अचूक जाणीवही होती. पण ते विधान व्हरांड्यात झाले. परीक्षागृहात त्याला जागा नव्हती, कारण ती जागा आम्हीच ठेवलेली नव्हती. विद्यार्थ्याचा यात काडीमात्र दोष नाही. आपल्या शिक्षकांची खासगी मते एका भाषेत असतात आणि छापील मते दुसऱ्या भाषेत, हे त्याने पाहिलेले असते. चर्चासत्राच्या चहापानात ज्या कादंबरीची ‘वाचवत नाही हो’ अशी वासलात लावली जाते, तिच्याच ‘बहुपदरी आशया’वर चहानंतरच्या सत्रात निबंध वाचला जातो, हे त्याने ऐकलेले असते. मतांच्या या दुहेरी हिशेबवहीविरुद्ध प्रस्तुत लेख आहे.

२

या व्यवहाराचे समर्थन करणारे म्हणतील की मत म्हणजे समीक्षा नव्हे. हे विधान आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याचे मूळ कोठे आहे हे विसरून गेलो आहोत. विमसॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४९ मध्ये, वाचकाच्या मनावर होणाऱ्या परिणामाला कृतीचे मूल्य समजणे हा दोष आहे, असे मांडले. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) च्या वादप्रवण प्रस्तावनेत त्यापुढचे पाऊल टाकले. कवींच्या प्रतिष्ठेचे भाव चढवणारी-उतरवणारी साहित्यिक गप्पाष्टके त्यांना शेअरबाजारातील उलाढालीसारखी वाटली. असे मूल्यनिर्णय रुचीच्या इतिहासात जमा करावेत, पद्धतशीर ज्ञान म्हणून उभ्या राहणाऱ्या समीक्षेत त्यांना स्थान नाही, असा त्यांचा आग्रह होता.

फ्राय यांच्या भूमिकेत बळ आहे हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्याकडेही लेखकांचे भाव असेच चढले-उतरले आहेत, आणि त्या चढउतारांचा कृतींशी नेहमीच संबंध होता असे म्हणता येणार नाही. परंतु फ्राय मूल्यनिर्णय बाजूला ठेवतात तेव्हा त्याच्या जागी साहित्यप्रकारांची, आदिबंधांची एक प्रचंड व्यवस्था उभी करतात. आपण त्यांचा नकार तेवढा घेतला. व्यवस्था उभारण्याचे कष्ट घेतले नाहीत. मग संरचनावाद आला, वाचकप्रतिसादाचा सिद्धान्त आला, उत्तर-आधुनिकता आली, देशीवाद आला. प्रत्येकाच्या वेळी ‘मत नको’ हा एवढाच समान वारसा आपण पुढे नेला. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने स्वतः वाचक म्हणून एकदाही प्रतिसाद नोंदवू नये, हा विरोधाभास आपल्याला खटकेनासा झाला.

याउलट आय. ए. रिचर्ड्स यांचे उदाहरण पाहावे. केंब्रिजमधील श्रोत्यांना त्यांनी कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्यावरची मते लिहून मागितली. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) हा ग्रंथ त्या मतांवर उभा आहे. ती मते पुष्कळदा भाबडी, ठोकळेबाज, भावविवश आणि पूर्वग्रहदूषित होती. सुशिक्षित वाचकांना कवितेचा साधा अर्थही लागत नव्हता. एवढा निराशाजनक पुरावा हाती असताना रिचर्ड्स यांनी काय केले? त्यांनी मतांना बंदी केली नाही. मत कोठे घसरते याची वर्गवारी केली, आणि वाचन शिकवण्याची एक रीत त्यातून निघाली. चुकीचे मत त्यांच्या दृष्टीने अध्यापनाचे साहित्य होते. आपल्या दृष्टीने मात्र ती एक असभ्यता झाली आहे.

३

येथे अधिक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. आपण मत देत नाही, असे आपण म्हणतो. पण हे खरे तरी आहे काय?

अभ्यासमंडळ एखादी कादंबरी अभ्यासक्रमाला लावते तेव्हा ते मतच असते. शेकडो विद्यार्थ्यांनी ही कृती वाचावी आणि ती दुसरी वाचली नाही तरी चालेल, असा तो निर्णय असतो. संशोधनविषयाला मान्यता देणे वा नाकारणे, पुरस्काराच्या निवड समितीवर बसणे, प्रस्तावना लिहिणे, एखाद्या पुस्तकाची पाठराखण करणे, ही सर्व मतेच आहेत. मूल्यनिर्णय आपण कधीही थांबवलेला नाही. आपण केवळ त्याची कारणे देणे थांबवले आहे. पुस्तक अभ्यासक्रमाला का लावले आणि तीन वर्षांनी का काढले, याची कारणमीमांसा जिज्ञासू विद्यार्थ्याला कोठे वाचायला मिळते? ज्याच्याखाली सही नाही आणि ज्याला कारण जोडलेले नाही असे मत सर्वाधिक प्रभावी ठरावे, आणि सही करून, कारण देऊन मांडलेले मत ‘आस्वादक’ म्हणून हिणवले जावे, अशी ही स्थिती आहे.

सिद्धान्ताच्या बाजूने येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. निरागस वाचक अस्तित्वातच नसतो. आपले मत आपल्या जातीने, वर्गाने, लिंगाने, शाळेने घडवलेले असते. ते आपले असते हाच एक भ्रम आहे. मान्य. परंतु यातून निष्कर्ष कोणता निघतो? मत घडवलेले असते म्हणूनच ते उघड्यावर आले पाहिजे. सांगितलेल्या मताची झडती घेता येते. त्यातील पूर्वग्रह दुसरा कोणी दाखवून देऊ शकतो. न सांगितलेले मत मात्र अभ्यासक्रमाच्या यादीत, गुणपत्रिकेत, निवडीच्या बैठकीत सुखरूप नांदत राहते. पूर्वग्रहाला मौनाइतके सुरक्षित घर दुसरे नाही.

या मौनाला अलीकडे व्यवस्थेचेही बळ मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या लेखनाला गुणांकन लागू केले. २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यात भाषा विषयांच्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. ग्रंथ, ग्रंथातील प्रकरण, संपादन, अनुवाद यांनाही गुण आहेत. ग्रंथपरीक्षण हा प्रकार त्या तक्त्यात नाही. तेव्हा नव्या पुस्तकावर आठ पानांचे चोख परीक्षण लिहिणारा तरुण अध्यापक बढतीच्या हिशेबात रिकाम्या हाताने उभा राहतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या प्रबंधातील प्रकरण चौथ्यांदा उलटून-पालटून छापणारा दहा गुण घेऊन जातो. व्यवस्थेला दोष देणे सोपे आहे. पण हा तक्ता येण्याच्या कितीतरी आधी आपण स्वतःच परीक्षणाला दुय्यम लेखले होते, हेही सांगितले पाहिजे. आयोगाने आपल्या तुच्छतेला केवळ आकडा दिला.

४

एका बाजूला मताला समीक्षेबाहेर काढणारे पंडित आहेत, तर दुसऱ्या बाजूला ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून प्रश्नच मिटवणारे उदारमतवादी. वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमांत ही दुसरी भूमिका नेहमी भेटते. १५ ऑक्टोबर हा दिवस महाराष्ट्रात २०१५ पासून या नावाने साजरा होतो. त्या दिवशी वाचनाचे महत्त्व सांगितले जाते, पुस्तके मांडली जातात, विद्यार्थी रांगेने बसून वाचतात. ‘वाचलेस त्यातले काय पटले नाही?’ हा प्रश्न मी तरी अशा कार्यक्रमात ऐकलेला नाही. वाचन हे सत्कर्म मानले की त्याविषयी मत असण्याची गरजच उरत नाही. पारायण करणाऱ्याने पोथीवर अभिप्राय द्यायचा नसतो.

पंडित आणि उदारमतवादी एकमेकांचे विरोधक वाटतात, परंतु त्यांची मूळ चूक एकच आहे. मत ही खासगी वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एक ती टाकून देतो आणि दुसरा ती कुरवाळतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कांटच्या सौंदर्यविधानाचा जो विस्तृत विचार केला आहे, तो या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. एखादे मद्य मला सुखद वाटते, एवढे म्हणून मी थांबू शकतो; दुसऱ्याला ते तसे वाटावे अशी माझी अपेक्षा नसते. पण एखादी वस्तू सुंदर आहे असे मी म्हणतो तेव्हा इतरांच्या संमतीवर मी हक्क सांगत असतो. नियम दाखवून ते सिद्ध करता येत नाही, तरीही ते केवळ माझ्यापुरते नसते. ‘मला आवडले’ आणि ‘हे चांगले आहे’ यांतील हे अंतर ओलांडण्याची तयारी म्हणजे मत. ते ओलांडले की कारण देण्याची जबाबदारी येते, आणि चूक ठरण्याचा धोकाही येतो. आपल्या परंपरेतील ‘सहृदय’ ही कल्पनाही येथे आठवावी. अभिनवगुप्तांचा सहृदय उपजत आवडीवर विसंबणारा रसिक नाही. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे, असा तो वाचक आहे. मत कमवावे लागते, असाच याचा अर्थ आहे.

मताने साहित्यव्यवहार बदलतो काय, अशी शंका कोणी घेईल. मराठीचा इतिहास याला होकारार्थी उत्तर देतो. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले असता जोतीराव फुले यांनी पत्राने जो नकार कळवला, तो आपल्या काळातील पुस्तकांविषयीचे मत म्हणूनही वाचला पाहिजे. माणसांचे हक्क नाकारणाऱ्यांच्या पुस्तकांतील भावार्थाशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्यासाठी ती पुस्तके लिहिलेलीच नव्हती त्यांच्या वतीने दिलेले, सही असलेले आणि कारण असलेले हे मत होते. त्याला समीक्षा म्हणायला आपल्या शास्त्राला शंभर वर्षे लागली, तर लाज शास्त्राला वाटली पाहिजे.

‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या वाचकांनी त्या वेळी ‘हे मोठे पुस्तक आहे’ असे म्हटले, त्यांच्या हाती त्यासाठी तयार निकष नव्हते. प्रस्थापित सौंदर्यकल्पना त्यांना मदत करत नव्हत्या, उलट आडव्या येत होत्या. ‘हे साहित्यच नव्हे, हा दस्तऐवज आहे’ असे मतही तेव्हा पुढे आले, आणि ते पुढे आले हे चांगलेच झाले, कारण त्याला उत्तर देता देता साहित्य कशाला म्हणावे याचीच फेरतपासणी झाली. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ मध्ये आले, म्हणजे ‘बलुतं’नंतर अठरा वर्षांनी. आधी सिद्धान्त आणि मग त्याच्या आधाराने मत, हा जो क्रम आपण वर्गात शिकवतो तो इतिहासात असा उलटा आहे. निकषांवाचून मत देण्याचे धैर्य कोणी दाखवले नसते, तर नवे निकष शोधण्याची वेळच आली नसती.

५

‘सध्या’ या शब्दावरही थोडे बोलले पाहिजे. वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी आपण जे लिहितो त्यात वाचताना झालेल्या चुका पुसलेल्या असतात. तिसऱ्या प्रकरणात कंटाळा आला होता, पाचव्यात मत बदलले, शेवटी पुन्हा शंका आली, हा प्रवास अंतिम निर्णयात दिसत नाही. वास्तविक कृती वाचकावर काम कशी करते याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा त्या प्रवासातच असतो. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती; तिचे पहिले वाचक पुढील अंकाची वाट पाहत, अपुऱ्या कादंबरीसह जगत होते. आपण मात्र तिला नेहमी पूर्ण झालेली, इतिहासजमा झालेली कृती म्हणूनच शिकवतो.

दुसऱ्यांकडे मत मागायचे आणि स्वतःचे झाकून ठेवायचे, हे या लेखाला शोभणारे नाही. तेव्हा माझे सांगते. मी सध्या भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) तिसऱ्यांदा वाचते आहे आणि निम्म्यावर आले आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या आजारपणाच्या निरोपाने मोरगावला परततो, या प्रवासाच्या चौकटीत तिचा पसारा मांडलेला आहे. पहिल्या वाचनात मी त्या पसाऱ्याने दिपले होते. दुसऱ्या वाचनात, ती प्रसिद्ध झाल्यावर उठलेल्या वादांमुळे, मी तिच्यात ‘हिंदू’ या संकल्पनेचा युक्तिवाद शोधत राहिले आणि पुस्तक हातातून निसटले. आता असे वाटते की शेती, नातीगोती, घरातल्या बायांचे कष्ट आणि त्यांची बोली जेथे बोलते तेथे ही कादंबरी मराठीत अद्वितीय आहे. कारण तेथे वाक्याला आपण कोठे पोचणार हे आधी ठाऊक नसते. जेथे खंडेराव संस्कृतीविषयी निर्वाळे देतो तेथे ते आधीच ठाऊक असते, आणि ‘टीकास्वयंवर’ लिहिणारा समीक्षक कादंबरीकाराच्या खांद्यावरून डोकावू लागतो. खंडेरावाची बडबड हीच लेखकाने योजलेली उपरोधाची जागा आहे, असे प्रतिपादन करता येईल हे मला माहीत आहे. माझी अडचण अशी की उपरोध असेल तर त्याला छेद देणारा दुसरा स्वर त्या पानांत ऐकू यायला हवा. मला तो अजून ऐकू आलेला नाही.

हे मत शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईचे आहे, आणि त्या पानांकडे मी अधिक ओढली जाते यात माझ्या आठवणींचा वाटा असणार. उरलेली निम्मी कादंबरी हे मत खोटेही ठरवील. कोणी त्या दुसऱ्या स्वराची जागा दाखवून दिली, तर मला ती मान्य करावी लागेल. मत जाहीर करण्याचा अर्थ मला एवढाच अभिप्रेत आहे.

६

या लेखातून एखादी नवी समीक्षापद्धती सुचवायची नाही. काही साध्या गोष्टी करता येतील. वाङ्मयीन नियतकालिकांनी गेल्या दोन-तीन वर्षांतील पुस्तकांवर अध्यापकांकडून सही असलेली, सकारण मते मागवावीत. पुस्तक न आवडल्याचे मतही त्यांत असावे, आणि त्यावरचा प्रतिवाद पुढच्याच अंकात छापावा. अभ्यासमंडळांनी पुस्तक लावताना व काढताना पानभर कारणे लिहून ती प्रसिद्ध करावीत. मराठी विभागांतून आठवड्याचा एक तास असा असावा की ज्यात अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही सध्या वाचत असलेल्या पुस्तकाविषयी बोलतील, आणि अध्यापकाने आधी बोलावे. विद्यार्थ्याआधी स्वतः चुकण्याची तयारी दाखवल्याखेरीज त्याच्याकडून प्रामाणिक मताची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानिमित्ताने प्राचीन ग्रंथांचे संपादन, कोशकार्य, संशोधन यांविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते आवश्यकच आहे. परंतु एखादी भाषा वाङ्मयदृष्ट्या जिवंत आहे की नाही याची खूण, तिच्यातील नव्या पुस्तकांवरून जाणती माणसे एकमेकांशी कारणे देऊन भांडतात की नाही, ही आहे. जुन्या ग्रंथांचा गौरव आणि नव्या ग्रंथांविषयी मौन, अशी वाटणी करून घेतली तर आपण वस्तुसंग्रहालयाचे उत्तम राखणदार होऊ.

व्हरांड्यात भेटलेल्या त्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत चांगले गुण मिळाले. ‘ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण’ या उत्तराला ते मिळाले. गुणपत्रिकेवर माझीही सही आहे. ‘लेखक आपल्याला शिकवायला लागतो’ या वाक्याला द्यायला माझ्याकडे तेव्हा रकाना नव्हता, आणि तो का नाही हे मी त्या बैठकीत विचारले नाही. प्रस्तुत लेख ही त्या न विचारलेल्या प्रश्नाची उशिरा केलेली भरपाई आहे. तिच्याशी असहमत असणाऱ्यांनी आपली असहमती कारणांसह आणि सहीनिशी नोंदवावी; चहापानात नव्हे.